सत्त्याण्णवची रीडेव्हलपमेंट

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात कुठल्याही इमारतीने तिशी गाठली की तिच्याकडे फक्त दोन प्रकारची माणसं बघतात. एक बिल्डर, आणि दुसरे, बिल्डर कधी बघतोय याकडे डोळे लावून बसलेले सभासद. मग जनरल बॉडी भरते, चहाबरोबर वेफर्स येतात, पार्किंगवरून दोन कुटुंबांचं बोलणं कायमचं बंद होतं, आणि काही वर्षांनी त्याच जागेवर बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहतो. नाव तेच, सभासद तेच, भांडणंही तीच. पूर्वी ती जिन्यात व्हायची, आता पोडियमवर होतात. शिवाय नव्या लिफ्टमध्ये आरसा असल्यामुळे भांडताना आपण कसे दिसतो तेही कळतं.

जपानी कंपन्यांनी हीच योजना मारामारीच्या व्हिडिओ गेमना लावली आहे. गेम वीस-पंचवीस वर्षांचा झाला, ज्या मशिनवर तो चालायचा ती मशिनं भंगारवाल्याने नेली, की कंपनी तो उचलते, वरून रंग मारते, नावाला ‘अल्टिमेट’, ‘फायनल’ किंवा ‘ग्लोबल’ असं काहीतरी जोडते आणि घरच्या कन्सोलसाठी नव्याने विकायला काढते. आत तेच पहिलवान, तेच ठोसे. आणि जुने रहिवासी, म्हणजे चाळिशी ओलांडलेले आम्ही, पुन्हा ताबा घ्यायला एका पायावर तयार. खऱ्या रीडेव्हलपमेंटमध्ये निदान आपल्याला कॉर्पस मिळतो. इथे तो आपणच भरायचा.

आमच्या नशिबी आलेली इमारत म्हणजे ‘द किंग ऑफ फायटर्स 97’. ओसाकाच्या एसएनके कंपनीने ती 1997 साली बांधली आणि 2018 च्या एप्रिलमध्ये ‘ग्लोबल मॅच’ अशी पाटी लावून प्लेस्टेशन 4 वर आणि कॉम्प्युटरवर आणली. पूर्ण नाव आमच्यात कुणी घेत नसे. “सत्त्याण्णव चालू आहे का?” एवढं विचारलं की कळायचं. मॅट्रिकची टक्केवारी सोडली तर उपनगरातल्या पोरांनी सत्त्याण्णव या आकड्याला एवढा मान दुसऱ्या कशासाठीच दिला नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन जणांचा संघ निवडायचा, समोरच्याचेही तीन. एक पडला की दुसरा आत. क्यो नावाच्या शाळकरी मुलाच्या हातातून आग निघते. इओरी यागामी नावाचा लाल केसांचा इसम त्याच्या जिवावर उठलेला, त्याची आग जांभळी. या इओरीच्या पँटला दोन्ही गुडघे जोडणारा एक पट्टा असतो. तसले बांधलेले पाय घेऊन तो धावतो, उड्या मारतो आणि माणसं जाळतो. पट्टा कशासाठी, हे आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. त्या वयात ज्याच्या हातातून जांभळी आग निघते त्याला पँटीबद्दल प्रश्न विचारत नाहीत.

मग चँग. अगडबंब देह, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा. त्याच्याबरोबर चॉय, बोटांना नखांच्या पात्या लावलेला टिल्लू. दोघेही गुन्हेगार, आणि किम नावाचा कोरियन तायक्वांदोवाला त्यांना सुधारण्यासाठी स्वतःच्या संघात घेऊन हिंडतो. आणि शिंगो. हा त्याच वर्षी नवीन आला होता. क्योचा भक्त. क्योच्या सगळ्या चाली त्याने पाठ केलेल्या, हातवारे तंतोतंत, ओरडणंही तसंच; फक्त आग निघत नाही. मुलुंड-घाटकोपरच्या अर्ध्या पोरांना सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास होता. शिंगो का आवडतो हे त्यांना समजावून सांगावं लागत नसे.

आमचं पार्लर मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याच्या मागच्या अंगाला, एका इमारतीच्या गाळ्यात होतं. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. आत चार मशिनं, एक पंखा, आणि स्टुलावर शेठ. शेठला गेममधलं काही कळत नव्हतं आणि धंद्यातलं सगळं कळत होतं. तिथली अर्थव्यवस्था अशी: एका डावाला एक रुपया. दोघे खेळले की हरणारा उठतो, जिंकणारा त्याच रुपयात बसून राहतो, आणि रांगेतला पुढचा स्वतःचा रुपया टाकतो. आपला नंबर लावायचा तर नाणं काचेखालच्या पट्टीवर ठेवायचं. त्या पट्टीवरची नाण्यांची रांग हाच आमचा कायदा. नाणं सरकवलं म्हणून खरी मारामारी झालेली मी पाहिली आहे, आणि ती पडद्यावरच्या मारामारीपेक्षा फारच भिकार होती.

थोडक्यात, मशिनचं पोट आमच्या हरण्यावर भरत होतं. म्हणून जो हरत नाही तो शेठच्या डोळ्यांत खुपे. आमच्यात असा एक होता. तो इओरी घ्यायचा, म्हणून त्याचं नावच इओरी पडलं. घरचं नाव त्याच्या आईखेरीज कुणी वापरत नसेल. हँडल धरण्याची त्याची पद्धत निराळी. आम्ही सगळे वरून मुठीत आवळायचो. तो तळहात उताणा करून दांडी दोन बोटांच्या बेचक्यात घ्यायचा आणि मनगट जेमतेम हलवायचा. हँडल खालून पुढे, लगेच पुढून खालून थेट मागे, आणि ठोसा. पडद्यावर इओरी सुसाट धावत जाऊन समोरच्याला ओरबाडत सुटायचा. हे सगळं हातात वडापाव धरून, तोंडही न पुसता. एका रुपयात तो दुपार काढायचा. आव्हान देणारे येत होते तोवर शेठ खूश, कारण प्रत्येक जण रुपया टाकून हरून जाई. पण पट्टीवरची नाणी संपली आणि इओरी कॉम्प्युटरशी खेळू लागला की शेठची चुळबुळ सुरू. मग तो किल्ली घेऊन मशिनचं पुढचं दार उघडायचा. या मशिनात डिफिकल्टीच्या आठ पायऱ्या होत्या, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. शेठला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शेठला फसवण्याचे मार्गही होते. सगळ्यांत शास्त्रीय मार्ग म्हणजे गॅसचा लायटर. कॉइनच्या फटीजवळ नेऊन खटकन दाबला की ठिणगीने मशिनचं डोकं फिरायचं आणि पडद्यावर फुकटचं क्रेडिट दिसायचं. त्या काळात मुलुंडमधल्या किती गृहिणींनी “लायटर इथेच ठेवला होता” म्हणून स्वयंपाकघर पालथं घातलं असेल! आमच्या एका मित्राच्या आईने पार्लरमध्ये येऊन मुलाचा कान धरला तेव्हा शेठला वाटलं बाई अभ्यासाबद्दल बोलणार. त्या म्हणाल्या, “कुकर लावायचा खोळंबलाय, लायटर दे.” त्यानंतर शेठने दारात झडती सुरू केली.

हे असलं सगळं असलेलं मशिन घरी आणायचं, ही कल्पना अर्थातच जुनी आहे. एसएनकेने 1990 मध्ये दुकानातलं मशिन आणि त्याचं घरगुती भावंड जवळजवळ एकदमच काढलं होतं. घरातल्या यंत्रात चालणारा गेम दुकानातल्यासारखाच, काडीचाही फरक नाही. पण अमेरिकेत त्याची किंमत साडेसहाशे डॉलर होती. आमच्या घरी तेव्हा रंगीत टीव्हीचे हप्ते चालू होते. आमच्या वाट्याला आले ते समुराई नावाचं नकली कन्सोल आणि त्याचे असंख्य मावसभाऊ. त्यात लाखो गेम असल्याचं कार्ट्रिजवर छापलेलं असे आणि आत तेच पाच-सहा गेम वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून भेटत. स्ट्रीट फायटर म्हणून जे निघे त्यात निम्मे फायटर गैरहजर. 1998 मध्ये सत्त्याण्णव पहिल्या प्लेस्टेशनवर आलं तेव्हा माणसं सगळी आली, पण एक जण पडून दुसरा आत यायच्या मध्ये ‘लोडिंग’ची पाटी. तीन माणसांचा संघ असलेल्या गेममध्ये हे म्हणजे दर ठोशामागे मध्यंतर. चँगला सीडीवरून उठून यायला इतका वेळ लागायचा की तो गोळा खरंच वजनदार असावा असं वाटू लागे.

त्या मानाने नवं बांधकाम उत्तम आहे. लोडिंग नाही. मूळ गेम जसाच्या तसा चालतो, इतका की त्यातल्या चुकाही जपल्या आहेत. सत्त्याण्णव हा चुकांसाठी प्रसिद्ध गेम आहे. काही खेळाडूंच्या हातात समोरचा एकदा सापडला की तो मरेपर्यंत सुटतच नाही, असले प्रकार त्यात आहेत. एखाद्याला वाटेल, एकवीस वर्षांनी काढताय तर दुरुस्त करून काढा. तसं केलं असतं तर जगभरचे जुने खेळाडू मोर्चा घेऊन गेले असते. थोडक्यात टॉवर नवा, पण सभासदांच्या आग्रहास्तव बाथरूमची गळती तशीच ठेवली आहे.

सभासदांचं बरोबरच आहे म्हणा. या जातीच्या गेममधली सगळ्यांत आवडती गोष्ट, कॉम्बो, हीच मुळी नजरचुकीतून आलेली. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर 2’मध्ये गाडी फोडायचा बोनस डाव असतो. तो तपासताना कॅपकॉम कंपनीच्या नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ अचूक साधली तर एका ठोशाला लागून दुसरा बसवता येतो. त्यांनी ते मिटवलं नाही, गुपचूप राहू दिलं. त्या एका दुर्लक्षावर तीस वर्षांचा धंदा उभा आहे. उलट ज्यांनी जुन्याला सुधारायला घेतलं त्यांनी शिव्या खाल्ल्या. 2008 मध्ये कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर 2’ची सगळी चित्रं नव्याने, मोठ्या आकारात काढून घेतली. लोक म्हणाले, छान आहेत, आता जुनी लावायची सोय कुठे आहे? 2017 मध्ये निन्टेन्डो स्विचसाठी ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर 2’ आला. त्यात एक खास सोय होती: दोन हातांत दोन कंट्रोलर धरून आपणच समोर ‘हादुकेन’ हा ऊर्जेचा गोळा फेकायचा. ओसाकात ठीक आहे. घाटकोपरच्या वन बीएचकेत पूर्ण ताकदीने हादुकेन फेकला तर एक हात पंख्यात आणि दुसरा सासूबाईंच्या चष्म्यात जातो.

स्ट्रीट फायटरचा विषय निघालाच आहे तर धालसीमचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा त्या गेममधला भारतीय. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांब, मागे हत्ती उभे. त्याच्या बायकोचं नाव सॅली, आणि मुलाचं नाव दत्ता. हे जपानमध्ये बसून कुणी ठरवलं, कोणत्या नकाशाकडे बघून ठरवलं, देव जाणे. पण जगात कुठेही हा गेम विकला गेला तरी कुठेतरी एक दत्ता आपले वडील कामावरून कधी येतात याची वाट बघत बसला आहे, ही कल्पना मला फार आवडते. ‘योगा फ्लेम, योगा फ्लेम’ करत दमून आलेल्या बापाला सॅलीवहिनी चहा विचारत असतील.

तर सत्त्याण्णव. मी ते विकत घेतलं, नव्या टीव्हीला जोडलं. आता हिशेब बघा. मूळ गेमचं चित्र 320 गुणिले 224 ठिपक्यांचं, म्हणजे एकूण 71,680. माझ्या फोर-के टीव्हीवर ठिपके आहेत 82,94,400. शंभरपट जागा! एवढ्या जागेत इओरीच्या नाकाचा एकेक चौकोन मोजता येतो. तो इतका स्वच्छ दिसतो की बघवत नाही. त्यावर उपाय म्हणून अशा जुन्या गेमच्या नव्या आवृत्त्यांत ‘स्कॅनलाइन’ नावाची सोय देतात. ती लावली की पडद्यावर आडव्या काळ्या रेघा येतात आणि जुन्या काचेच्या टीव्हीसारखं दिसतं. म्हणजे आधी हप्त्यावर चांगला टीव्ही घ्यायचा, मग तो जुनाट दिसण्यासाठी सेटिंग शोधायचं. बायको मागून बघत होती. म्हणाली, “पहिला टीव्ही भंगारात पाचशेला दिला तेव्हाच बोलायचं होतं.”

टीव्हीला ‘गेम मोड’ही लावावा लागतो. हे नवे टीव्ही चित्र सुंदर करण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे बटण दाबल्यापासून ठोसा दिसेपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो आणि त्यातल्या दोन-तीन चित्रांचा उशीर जाणकाराला खटकतो म्हणे. गेम मोड लावल्यावर टीव्हीकडचा उशीर गेला. उरलेला उशीर कुठून येतोय याचा शोध मी फार खोलात जाऊन घेतला नाही. माझ्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंतच्या वायरिंगला कुठल्याच मेनूत सेटिंग नव्हतं.

खरा धक्का पुढेच होता. दार लावून, दिवा मंद करून मी पहिला डाव सुरू केला आणि आवाजच येईना. म्हणजे ठोशांचा येत होता, ओरडण्याचा येत होता, पण संगीत नाही. मी टीव्हीमागची वायर हलवली. आवाज वाढवला. मग उमगलं की या गेममधल्या बऱ्याच लढतींना संगीत दिलेलंच नाही. काही ठरावीक गड्यांना स्वतःचं संगीत आहे, बाकीच्यांच्या मागे नुसता गर्दीचा आणि आसपासचा गलका. पहिल्यापासून असंच होतं. आणि ज्या गेमवर आम्ही शाळेपेक्षा जास्त वेळ घालवला त्याची ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती! कारण आमच्या सत्त्याण्णवला संगीत होतं. डावीकडून गिरणीचा पट्टा, उजवीकडून झेरॉक्सवाल्याच्या रेडिओवर कुमार सानू, मागून पाच-सहा पोरांचा “कोपऱ्यात घे, कोपऱ्यात घे” असा सल्ला, आणि अधूनमधून शेठ: “ए, बटण काय बापाचं आहे?” त्या गोंगाटात मूळ गेममध्ये गाणं आहे की नाही हे कळायला वावच नव्हता. घरच्या शांततेत चँगचा गोळा फिरताना जो एकाकी सूं-सूं आवाज येतो, तो ऐकवत नाही.

दुसरी गंमत नाण्याची. अशा आवृत्त्यांत अनेकदा नाण्यासाठी एक बटण असतं. दाबलं की ‘टिंग’, एक क्रेडिट. पुन्हा दाबलं, आणखी एक. शेठच्या गल्ल्यावर असा हात चालला असता तर आमचं बालपण कुठल्या कुठे गेलं असतं, असं वाटून मी ते बटण बराच वेळ नुसतंच दाबत बसलो. मग खेळायला घेतलं. ओरोची नावाचा शेवटचा बॉस, ज्याचं तोंड बघायला आम्ही खाऊचे पैसे साठवायचो आणि ज्याने शाळेच्या सहलीच्या पैशांसकट सगळं गिळलं होतं, तो मी रविवारी दुपारी, जेवणानंतर, पाय सोफ्यावर घेऊन मारला. त्याने मला मारलं की मी नाणं टाकायचो. त्याने पुन्हा मारलं की मी पुन्हा टाकायचो. तो देव आहे, जगाचा संहार करायला आला आहे. पण माझ्याकडे अमर्याद सुट्टे होते. शेवटी तो कंटाळून मेला असावा. काहीही वाटलं नाही. उठून ताक प्यायलो.

रुपया गेला की गेमची हवाच जाते, हे मला त्या ताकाबरोबर पटलं. ठोशात जोर होता तो खिशातल्या शेवटच्या नाण्याचा. शेवटचं नाणं आत गेल्यावर माणूस ज्या एकाग्रतेने हँडल धरतो, ती पुढे मला थेट होम लोनच्या कागदांवर सह्या करतानाच आढळली. एसएनकेने चित्र जपलं, चुका जपल्या, वर रेघाही दिल्या, पण हरल्यावर काही जावं, याची सोय केली नाही.

‘ग्लोबल मॅच’ म्हणजे ऑनलाइन खेळायची सोय, ती मात्र आहे. आमच्या वयाच्या लोकांना ती गरजेचीच. कंपू पांगला. इओरी अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत नोकरीला आणि राहायला वर्सोव्याकडे. चँग, म्हणजे आमच्यातला जो चँग घ्यायचा तो, घाटकोपरला, तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी. शिंगो सीए होऊन बोरिवलीला. घाटकोपर आणि वर्सोवा 2014 पासून मेट्रोने जोडले गेले, तेव्हा चँग-इओरीचं ठीक आहे. पण मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक अख्खं राष्ट्रीय उद्यान बिबट्यांसकट पसरलेलं आहे. त्याखालून बोगदे खणणं चालू आहे. तोवर मुलुंडहून मारलेला ठोसा ओसाकाला डोळा लवायच्या आत पोचतो आणि शिंगो बोरिवलीहून जेव्हीएलआरमार्गे मुलुंडला यायला दोन तास घेतो.

ऑनलाइनचं तंत्रही मोठं मजेदार आहे. टोनी कॅनन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने 2006 च्या सुमारास, ‘स्ट्रीट फायटर 2’ची घरगुती आवृत्ती इंटरनेटवर अडखळते म्हणून वैतागून, ‘रोलबॅक’ची युक्ती मारामारीच्या गेममध्ये आणली. समोरच्याचं बटण तारेतून येईपर्यंत यंत्र थांबत नाही. तो आत्ता जे करत होता तेच पुढेही करेल असं धरून चालतं, आणि अंदाज चुकला तर गपकन मागे जाऊन दुरुस्त करतं. आज मारामारीचे बहुतेक गेम जगभर याच तत्त्वावर खेळले जातात. हे मी चँगला फोनवर समजावलं. चँगची सगळी विद्या एवढीच की ठोशाचं बटण सटासट दाबत राहायचं, मग गोळा गरगर फिरतो. तो म्हणाला, “म्हणजे माझ्या बाबतीत यंत्र कधीच चुकणार नाही.” खरं आहे. एवढा सरळमार्गी खेळाडू त्या तंत्राला दुसरा मिळायचा नाही.

पण जगाशी खेळण्यात राम नव्हता. रात्री उशिरा कुणीतरी सापडायचा, कुठल्या देशातला ते कळायचं नाही, तो मला एका कोपऱ्यात नेऊन, एकदाही जमिनीला पाय टेकू न देता, तिघांना संपवायचा आणि निघून जायचा. शिवी नाही, टोमणा नाही. मागे उभं राहून कुणी “अरे मागे धर ना मागे” म्हणत नाही. शेवटी मीच सगळ्यांना शनिवारी घरी बोलावलं. बायकोला सांगितलं, वयाचा प्रश्नच नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर 5’ला पदक होतं, आणि कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी चव्वेचाळीसाव्या वर्षी त्यात सुवर्ण जिंकलं. तिने विचारलं, “त्यांच्या घरी भाजी कोण आणतं?” याचं उत्तर मला कुठेच सापडलं नाही.

सगळे आले. इओरी चष्मा बदलून आला होता. प्रोग्रेसिव्ह काच, त्यामुळे वरून बघितलं की टीव्ही दिसे आणि खालून बघितलं की बटणं. दोन्ही एकदम दिसण्यासाठी तो मान हो-नाहीच्या मधे कुठेतरी हलवत होता. प्लेस्टेशनचं रिमोट त्याच्या उताण्या तळहातात बसेना. शिंगो पाठीला उशी घेऊन बसला. पहिले काही डाव नुसतेच झाले, कुणी हरलं तरी “असू दे, परत लाव”. तेव्हा मी नियम काढला: हरणाऱ्याने जागेवर रुपया द्यायचा. नाणी कुणाकडेच नव्हती. आम्हा चौघांत मिळून खिशात एक नाणं नाही, आणि फोन मात्र पाच. मग ठरलं, हरला की जिंकणाऱ्याचा क्यूआर स्कॅन करायचा आणि एक रुपया पाठवायचा. पैसे गेल्याशिवाय पुढचा डाव नाही.

तुम्हाला सांगतो, खोलीतलं हवामानच बदललं. महिन्याला लाखाच्या घरात पगार घेणारा इओरी एका रुपयासाठी घामाघूम झाला. शिंगो, ज्याने बोरिवलीत लोकांचे कोट्यवधींचे ताळेबंद तपासले आहेत, तो “ते मध्ये फोन वाजला म्हणून झालं, हा डाव धरायचा नाही” म्हणून पाय आपटू लागला. आणि जिंकत कोण होता? चँग. इओरीची सगळी करामत मनगटात होती आणि मनगट आता माउस धरायला लागलेलं. शिंगोला अर्ध्या चाली आठवत नव्हत्या. चँगला आठवायला काही नव्हतंच. बटण, बटण, बटण; गोळा, गोळा, गोळा. दर दोन मिनिटांनी त्याच्या फोनवर ‘एक रुपया प्राप्त’ आणि तो, आवाजात सेक्रेटरीपणा आणून, “पावती हवी का?”

“अरे, हे सगळं स्टेटमेंटला येतं,” शिंगोने व्यावसायिक इशारा दिला. “रात्री अकरा वाजून चाळीस, एक रुपया. अकरा बेचाळीस, एक रुपया. अकरा पंचेचाळीस, एक रुपया. असेसमेंटला आलं तर काय सांगशील?”

“मेंटेनन्स,” चँग म्हणाला, आणि गोळा फिरवत राहिला.

बाराच्या पुढे माझ्या बायकोचा फोन वाजला. घाटकोपरहून चँगच्या मिसेस. त्यांनी स्पीकरवर टाकायला सांगितलं. “वहिनी, हे तिथेच आहेत ना? धड आहेत ना? अहो, आमचं जॉइंट अकाउंट आहे, मघापासून माझ्या मोबाईलवर मेसेजवर मेसेज. कुणीतरी एक-एक रुपया टाकतंय. आमच्या ग्रुपवर आलं होतं, हे सायबरवाले आधी असाच एक रुपया टाकून बघतात आणि मग सगळं खातं धुतात. मी काही वाट बघत बसले नाही. बँकेला फोन लावला आणि खातं ब्लॉक करून टाकलं. यांना सांगा, घाबरू नका म्हणावं.”

चँगचा अंगठा थांबला. संध्याकाळपासून पहिल्यांदाच. गोळा जमिनीवर टेकला. आणि त्याच क्षणी इओरीचं जुनं मनगट जागं झालं: खालून पुढे, पुढून खालून मागे, ठोसा. जांभळ्या आगीत चँग उताणा.

“काढ रुपया,” इओरी म्हणाला.